आर्लिस हाउगेनचा बुधवारचा पाव

आर्लिस हाउगेनने शाळेची पिवळी बस चालवली आणि दर आठवड्याला एक पाव भाजला. याखेरीज आपण जन्मात काही केलं नाही, असं ती स्वतः सांगते. ते काही खरं नाही, पण तिच्याशी वाद घालायची आमच्या गावात कुणाची छाती नाही.

गाव अमेरिकेत, उत्तर मिनेसोटातल्या सपाटीवरचं. एक विद्यापीठ, एक बिटाच्या साखरेचा कारखाना आणि दोन्हींच्या मधून जाणारी मालगाडी. विद्यापीठासमोर रस्ता ओलांडला की एक जुनं लाकडी घर आहे. त्याच्या पाटीवर विद्यार्थी सेवा केंद्र वगैरे लांबलचक नाव आहे, पण सगळे त्याला बुधवारचं घर म्हणतात, कारण दर बुधवारी संध्याकाळी तिथे उपासना असते आणि उपासनेनंतर फुकट जेवण. दाराशी इंद्रधनुषी झेंडा लावलाय. जानेवारीत तो गोठून पापडासारखा कडक होतो.

तिथे येणारी पोरंही नाना तऱ्हांची. कुणाला गावच्या चर्चने गोड बोलून बाहेर काढलेलं, कुणाला न बोलता. मुलग्यांवर प्रेम करणारे मुलगे, देव आहे की नाही हे अजून ठरत नाही पण भजनं आवडतात अशा मुली, आणि नुसती जेवणाच्या वासाने येणारी. सगळ्यांना आत घेतात. कुणालाही 'तू कोण, कुठला, काय मानतोस' असं विचारत नाहीत. या न विचारण्याचा त्या घराला फार अभिमान आहे, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आर्लिस या घरात आली ती पावामुळे. तिचा जन्म गावाबाहेर शेतावरचा, आईबाप नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या पोटचे. शेतांच्या मधोमध त्यांचं एक पांढरं चर्च होतं. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत सगळे वाटून खातात तो, पाव तिची आई करायची. आईचे हात थकले तेव्हा आर्लिस करू लागली. गव्हाचं पीठ, मध, दूध, आणि वरून सुरीने काढलेला क्रूस. आर्लिसला गाता येत नाही. चारचौघांत प्रार्थना करायची वेळ आली की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. नवरा व्हर्डेल गेला तेव्हासुद्धा ती दफनाच्या दिवशी पहाटे उठून पावच भाजत होती. देवाशी तिचं जे काही बोलणं होतं, ते सगळं त्या पिठातून.

मग त्या चर्चमध्ये भांडण लागलं. बाईवर प्रेम करणारी बाई पाळक होऊ शकते का, उपासना चालवू शकते का, यावर हात वर करून मतदान ठरलं. आर्लिसच्या डोळ्यांसमोर तेव्हा एकच मुलगी होती. सोल्वेग नावाची, तिच्याच बसमधून शाळेत जाणारी, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून अखंड बडबडणारी. ती आता मोठी होऊन पाळक व्हायचं शिकत होती, आणि सुट्टीत घरी येताना बरोबर मैत्रिणीला आणत होती. चर्चचं म्हणणं असं, की सोल्वेगने खुशाल यावं, बाकावर बसावं, गावं. फक्त वेदीपाशी उभं राहू नये. मोजके हात या म्हणण्याविरोधात वर गेले, त्यात आर्लिसचा एक. निकाल लागल्यावर चर्चचे वडीलधारे तिला म्हणाले, "आर्लिस, मत आपापलं असतं. पाव मात्र तू करत राहा हं."

"पाव माझ्याबरोबर येतो," आर्लिस म्हणाली. त्या रविवारचा पाव तिने वेदीवरून उचलला, फडक्यात गुंडाळला आणि बाहेर पडली. त्या चर्चला त्या दिवशी प्रभुभोजनाविना घरी जावं लागलं.

काही वर्षांनी सोल्वेग बुधवारच्या घराची पाळकबाई झाली, आणि पहिल्याच बुधवारी आर्लिस पाव घेऊन दारात उभी राहिली. ही कथा पाळकबाई दर सत्राच्या सुरुवातीला नव्या पोरांना रंगवून सांगते. पोरं टाळ्या वाजवतात. आर्लिस स्वयंपाकघरात जाऊन नळ जोरात सोडते, म्हणजे ऐकू येऊ नये. पण तिला ते आवडतं. का आवडू नये?

काओली शाँग नावाच्या मुलीनेही ती कथा पहिल्याच दिवशी ऐकली होती.

काओली सेंट पॉल शहरातली, मोंग जमातीच्या घरातली. तिचे आजीआजोबा लढाईनंतर लाओसच्या डोंगरांतून इकडे आले. इथे ती मातीचा अभ्यास करते. बारीक चणीची, कानाला सतत टोपी ओढून घेणारी. बुधवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडायची आणि सगळ्यांच्या नंतर भांडी पुसून जायची. उपासनेत गोल करून उभे राहतात. एकजण पावाचं ताट धरतो, दुसरा द्राक्षरसाचा पेला. पावाचा तुकडा तोडायचा, रसात बुडवायचा, तोंडात टाकायचा. पाळकबाई दर वेळी म्हणते, "हे टेबल देवाचं आहे, आमचं नाही. इथे कुणाला मज्जाव नाही." आणि दर वेळी काओली आपले हात छातीवर आडवे घेऊन उभी राहते. त्याचा अर्थ, मला पाव नको, नुसता आशीर्वाद द्या.

आपल्या महाराष्ट्रात असती तर पहिल्याच दिवशी चार बायकांनी तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं असतं, का गं, घेत का नाहीस? इथे कुणी विचारलं नाही. पाळकबाईने उलट सगळ्यांना बजावून ठेवलं, की तिच्या मनात पूर्वीच्या चर्चची काहीतरी जखम असणार, तिला तिच्या वेळेने येऊ द्या. जेवणातही तेच. बुधवारी टेबलावर हॉटडिश असते: खिमा, घट्ट सूप आणि वर बटाट्याचे गोळे, ओव्हनमधून काढलेलं. काओली त्याला हात लावत नाही. ती आपला डबा काढते. भात, उकडलेली कोंबडी, आणि हिरव्या मिरचीचा असा ठेचा की शेजारच्याच्या डोळ्यांतून पाणी यावं. यावर पाळकबाई म्हणाली, "आपल्या घरच्या अन्नाशी तिने किती नातं जपलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. असा दीड वर्ष सगळ्या घराने त्या मुलीचा आदर केला.

आर्लिसही गप्पच होती, पण तिच्या गप्प बसण्यात थोडा रुसवा होता. सगळं घर आपल्या पावाचं नाव काढतं आणि ही एक मुलगी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, हे तिला लागायचं. म्हातारी, गोरी, शेतावरची बाई. आपल्या हातचं तिला नको असेल, असंही तिच्या मनात यायचं. मग तिला स्वतःचीच लाज वाटायची.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला पोरं घरी निघाली तेव्हा आर्लिसने प्रत्येकाला एकेक पाव बांधून दिला. काओलीच्या पावाला लाल फीत बांधली आणि वर चिठ्ठी लावली, 'काओलीच्या आईसाठी.' काओलीने तो दोन्ही हातांनी घेतला. फार छान, फार आभार, म्हणाली.

जानेवारीत आर्लिस बुधवारच्या घरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये मक्याचे दाणे शोधत होती. तळाशी, बर्फात रुतलेला, तिला तो पाव सापडला. फीत तशीच, चिठ्ठी तशीच.

ती बराच वेळ फ्रीझरचं झाकण धरून उभी राहिली. थंड वाफ तोंडावर येत होती. मग तिने पाव होता तिथे ठेवला, वर मका रचला आणि झाकण आपटून बंद केलं. नको होता तर सांगायचं होतं, ती मनात म्हणाली. त्या संध्याकाळी तिने काओलीशी धड बोलणं केलं नाही. पण भांडी आवरून झाल्यावर बाहेर वारा सुटला, बर्फाची भुकटी रस्त्यावरून सापासारखी सरपटू लागली, आणि काओलीचं वसतिगृह विद्यापीठाच्या पार दुसऱ्या टोकाला. रागावली असली तरी आर्लिस बस चालवणारी बाई. अशा थंडीत पोराला चालत जाऊ देणं तिच्या रक्तात नाही.

"बस गाडीत," ती म्हणाली.

गाडी गरम व्हायला वेळ लागतो. दोघी काचेवरचं बर्फ वितळायची वाट बघत बसल्या.

"काओली, तुला एक विचारू? आमच्यात असं विचारत नाहीत."

"विचारा ना."

"माझ्या पावाला काय धाड भरलीय?"

काओलीने टोपी कानावर ओढली. "फ्रीझरमध्ये सापडला ना?"

"सापडला."

"मला टाकवेना हो. वर तुमचं अक्षर होतं. आईला दिला असता, पण आमच्या घरात तो आणता येत नाही. मला गहू चालत नाही, आर्लिस. आजार आहे. शाळेत होते तेव्हा कळलं. गव्हाचा एक कण पोटात गेला तरी आतडी सोलून निघतात. तीन तीन दिवस उठता येत नाही."

"एक कण?"

"एक कण. म्हणून पेलासुद्धा नाही चालत. सगळे त्यात पाव बुडवतात ना, खाली चुरा बसतो. हॉटडिशच्या सुपातही पीठ असतं."

आर्लिसने काच पुसायचा फडका हातात घेतला होता, तो तसाच राहिला. "म्हणजे तो तुझा भात..."

"भात मला आवडतो. पण रोज कोण डबा वाहील? मला ती हॉटडिश एकदा तरी खाऊन बघायचीय. वास इतका भारी येतो."

"मग दीड वर्ष तोंडाला कुलूप का लावलंस, पोरी?"

"पहिल्या दिवशी तुमची गोष्ट ऐकली. तुम्ही पाव उचलून कशा बाहेर पडलात ती. सगळे टाळ्या वाजवत होते. त्यात मी हात वर करून सांगायचं, माफ करा, याच पावाने मी आजारी पडते?"

"हो. असंच सांगायचं."

"तुम्ही सांगितलं असतं?"

आर्लिसने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही. "नाही," ती म्हणाली.

काओली हसली, मग थांबली. "घरच्या चर्चमध्ये माझ्यासाठी पावाऐवजी तांदळाची वेगळी चकती असायची, प्लास्टिकच्या पुडीतली. सगळ्यांचं झालं की पाळक ती पुडी फाडायचे. इतकी शांतता, आणि त्यात तो चुरचुर आवाज. सगळं चर्च मान वळवून बघायचं. इथे तसं नको होतं मला. इथे हात आडवे घेतले की कुणी काही म्हणत नाही. पण आता पाळकबाईंनी विचारलंय, ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस सुरू झाले की पावाचं ताट तू धरशील का. सगळे त्यातून तोडणार, चुरा उडणार, हाताला लागणार. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागेल. त्यापेक्षा येणंच बंद करते. एक बुधवार चुकवायचा, मग दुसरा. म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही."

"कुणाला वाईट वाटणार नाही म्हणतेस?"

काच स्वच्छ झाली होती. आर्लिसने गाडी काढली. वसतिगृहाशी उतरताना तिने विचारलं, "सोल्वेगला सांगू?"

"त्यांना सांगा. बाकी कुणाला नको."

पाळकबाई सोल्वेगला ते दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. "दीड वर्ष मी त्या मुलीसाठी प्रार्थना करतेय, आर्लिस. तिच्या मनाची जखम भरू दे म्हणून."

"जखम आतड्याला होती," आर्लिस म्हणाली.

"आणि मी सगळ्यांना सांगत बसले, विचारू नका, विचारू नका." सोल्वेगच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मधूनच हसूही येत होतं. ती लहानपणापासून अशीच. मग ती जरा सावरली. "तुमच्या पावाला कुणी हात लावणार नाही हं. आपण असं करू. तिच्यासाठी तांदळाची चकती एका वेगळ्या बशीत ठेवू, रसाचा वेगळा छोटा पेला. टेबलाच्या एका बाजूला. सुंदर बशी घेऊ."

आता खरं सांगायचं तर आर्लिसला हे ऐकून बरं वाटलं. पाव वाचला, असं तिच्या मनात आलं. हो म्हणून ती घरी गेली, कॉफी केली, आणि कप हातात घेऊन स्वयंपाकघरात बसली. समोर फळीवर आईचा पिठाचा डबा होता. कॉफी निवून गेली तरी तिने घोट घेतला नाही. एकाच जेवणाला एकीचं पान बाजूला मांडायचं, याला मराठीत पंक्तिभेद म्हणतात. आर्लिसपाशी तो शब्द नव्हता, पण तिला ती बाजूची बशी दिसत होती, आणि तिच्यापाशी एकटी उभी असलेली टोपीवाली मुलगी. ये, बस, गा. फक्त ताटापाशी येऊ नकोस. हे तिने पूर्वी ऐकलेलं होतं. तेव्हा तिने हात वर केला होता.

तिने सोल्वेगला फोन लावला. "ती बशी राहू दे. ताट एकच राहील. पाव बदलेल."

"आर्लिस, तुम्हाला कुणी असं सांगितलेलं नाही."

"तेच तर. मला कुणीच काही सांगत नाही. आणि तूही आता कुणाला काही सांगू नकोस."

मग तिने घर धुवायला काढलं. काओलीला पुन्हा पुन्हा फोन करून एकेक गोष्ट विचारून घेतली. जुनी लाकडी फळी चालेल का? नाही, लाकडात पीठ मुरलेलं असतं. लाटणं? नाही. चाळणी? तर मुळीच नाही. पिठाच्या हाताने ज्या ज्या बरणीत चमचा घातला, ती बरणी बाद. साखर गेली, सोडा गेला, मिठाची बरणी गेली. काओली फोनवर सारखी म्हणत होती, "एवढं कशाला, मी तर येणारच नव्हते." आर्लिसने तिला शेवटी दटावलं, "तू उत्तरं दे फक्त."

गव्हाचं पीठ तिने शेजारणीला दिलं. आईची फळी आणि लाटणं माळ्यावर ठेवलं. रिकामा डबा मात्र ती हातात धरून बसली आणि रडली. चांगली हमसून रडली. आईचं घर विकलं तेव्हा ती रडली नव्हती, चर्च सोडलं तेव्हाही नाही, कारण तेव्हा पाव बरोबर होता. आता ती होती तिथेच राहिली आणि पावच निघून गेला. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि तिने सांगितलंही नाही. डोळे पुसून तिने डबा धुतला आणि उन्हात, म्हणजे इथल्या जानेवारीत जेवढं असतं तेवढ्या उन्हात, खिडकीशी पालथा घातला.

पहिला तांदळाचा पाव विटेसारखा झाला. दुसरा बाहेरून वीट आणि आतून लापशी. तिसरा तिने शेजारणीच्या कुत्र्यापुढे टाकला. त्याने हुंगला आणि तो सभ्यपणे घरात निघून गेला. गव्हाच्या अंगचा चिकटपणा नसेल तर पीठ एकमेकांना धरून राहत नाही, हे आपल्याकडे भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तिला फुगणाऱ्या पावाचा हट्टच नसतो. आर्लिसचा हट्ट सुटायला दोन आठवडे गेले.

मग तिला लेफ्सा आठवला. लेफ्सा म्हणजे नॉर्वेवाल्यांची बटाट्याची पोळी. उकडलेला बटाटा, लोणी, साय, थोडं पीठ, मोठ्या गोल तव्यावर भाजायची आणि लांब पट्टीने उलटायची. नाताळात करतात, लोणी साखर लावून गुंडाळून खातात. प्रभुभोजनाला कुणी लेफ्सा ठेवल्याचं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिची आई असती तर म्हणाली असती, आर्लिस, उद्या कॉफीही ठेवशील. पण बटाट्याला फुगायचं नसतं, आणि पीठ लागतं तेही थोडं.

ते थोडं पीठ तिने मालगाडीच्या फाटकाशेजारच्या मोंग दुकानातून आणलं. चिकट तांदळाचं, कागदी पिशवीतलं. त्या दुकानावरून तिने कित्येक वर्षं बस नेली होती, पण आत पाऊल कधी टाकलं नव्हतं. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, "याचं काय करणार?" आर्लिसने खरं ते सांगितलं. बाईने तिच्याकडे नीट बघितलं, फळीवरून दुसरी पिशवी काढली आणि म्हणाली, "मग ही घ्या. ही बारीक दळलीय."

नवा तवा, नवं लाटणं, नवी पट्टी. पहिल्या पोळ्या फाटल्या. मग फाटेनाशा झाल्या.

उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधीचा तो शेवटचा बुधवार. काओली आली होती. आर्लिसचे तांदळाचे पाव फसतायत, एवढंच तिला माहीत होतं; पोळ्यांचं नाही. न सांगताच निरोप घ्यायला आली असावी, कारण तिने त्या दिवशी खुर्च्या मांडल्या आणि पेटीत ठेवलेली भजनांची पुस्तकंसुद्धा एका ओळीत लावली. सोल्वेगला आर्लिसने तंबी दिली होती, की एक अवाक्षर काढायचं नाही. तिने काढलं नाही, पण तिचे कान लाल झाले होते.

गोल झाला. या वेळी ताट स्वतः आर्लिसने धरलं. चारचौघांत ती कधी पुढे येत नाही, तेव्हा सगळे जरा चकित झाले. ताटात पावाच्या जागी डाग पडलेल्या चपट्या पोळ्यांची चळत होती. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, पण विचारलं अर्थातच कुणी नाही. पाळकबाई म्हणाली, इथे कुणाला मज्जाव नाही. ताट फिरू लागलं. आर्लिस एकेकासमोर जात होती. काओलीपाशी आली तेव्हा काओलीचे हात छातीवर आडवे होते, नजर जमिनीवर.

आर्लिस पुढे सरकली नाही.

"बटाटा आणि तांदूळ," ती म्हणाली. आवाज बसला होता, पण फुटला. "तवा नवा, लाटणं नवं. घरात गव्हाचा कण नाही. पेल्यातही नाही, सगळे याच पोळीचे तुकडे बुडवतायत. हात सोड, पोरी."

काओलीने वर बघितलं. आधी आर्लिसकडे, मग ताटाकडे. छातीवरचे हात सुटायला वेळ लागला; दीड वर्षाची सवय. मग तिने पोळीचा एक तुकडा तोडला, रसात बुडवला आणि तोंडात टाकला. ती चावत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते तिने पुसलं नाही. सोल्वेग तर केव्हाच रडायला लागली होती.

जेवताना आर्लिसभोवती गर्दी झाली. तिला काही सांगावं लागलं नाही; एवढं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि ओळखलं होतं. जो तो पोळीबद्दल बोलत होता. एक मुलगा म्हणाला, "आर्लिस, वेगळीच चव आहे हं." एक मुलगी म्हणाली, "काहीतरी हटके." सोल्वेग म्हणाली, "मला तर विचार करायला लावणारी वाटली." आमच्या गावात एखाद्या पदार्थाला कुणी वेगळंच आहे म्हटलं, की करणाऱ्याने काय ते समजावं. आर्लिस समजली. तिने स्वतः खाल्लेल्या तुकड्यातही काहीतरी चुकलेलं होतं, पण त्या गडबडीत तिला ते सापडेना. सगळ्यांना ती मान डोलावून आभार म्हणत राहिली, आणि मनातून थोडी खट्टू झाली.

भांडी घासायला ती आणि काओली दोघीच राहिल्या. आर्लिस धूत होती, काओली पुसत होती. शेवटचं ताट हातात आलं तेव्हा काओलीने त्यातली उरलेली पोळी उचलली, मोडली, पुन्हा एक घास खाल्ला आणि सावकाश चावला.

"आर्लिस, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"यात मीठ नाहीये."

आर्लिसने नळ बंद केला. मिठाची बरणी तिने साखर-सोड्याबरोबर फेकली होती. नवं सगळं आणलं, तवा, लाटणं, पट्टी, सोडा, साखर. मीठ आणायचं राहिलं. तिने पण तुकडा तोडून तोंडात टाकला. खरंच, मिठाचा पत्ता नव्हता. पाळकबाईपासून सगळ्या घराने ती अळणी पोळी खाल्ली होती आणि एकाच्याही तोंडून ते निघालं नव्हतं.

ती हसायला लागली. सिंकच्या कडेला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. काओली घाबरून फडका हातात धरून बघत राहिली.

"चुकलं का माझं?"

"नाही गं बाई," आर्लिस म्हणाली आणि ओल्या हातानेच तिची टोपी कानावर नीट ओढून दिली. "पुढच्या बुधवारी दुपारीच माझ्याकडे ये. येताना मीठ घेऊन ये."

काओलीने ताट पुसून फळीवर ठेवलं. "जाडं आणू की बारीक?" तिने विचारलं.